बोट जवळजवळ तयार आहे

१ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. बोटीचं लॉगबुक वेगळं ठेवणार, ते पुढे लोक मागून घेऊन वाचतील. ही वही फक्त माझी, त्यामुळे इथे सगळं खरं लिहायचं.
तर फॅक्ट्स. एकतीस फुटी बोट, एक डोलकाठी, दोन शिडं. वय माझ्याहून चार वर्षं जास्त. सध्या यार्डात लाकडी टेकूंवर उभी आहे. मी आणि बायको, आम्ही दोघंच हिच्यातून महासागर ओलांडणार. साधारण तीस दिवस, मध्ये जमीन नाही.
बायको हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. तिला एक वर्षाची रजा मिळाली आहे, आजपासून सुरू. पुढच्या एक सप्टेंबरला हजर व्हायचं. तिच्या मॅडमनी बजावलंय की ही वाढवून मिळणार नाही आणि परत कधी मागायचीही नाही. मी सरळ नोकरी सोडली. ऑफिसात प्लॅनिंग डिपार्टमेंटलाच होतो, त्यामुळे प्लॅनिंगची काळजी नाही.
नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघालं तर वारा पाठीशी मिळतो, मग किनाऱ्याजवळचा वारा फिरतो. निघायची तारीख १५ नोव्हेंबर. म्हणजे भरपूर मार्जिन.
कामांची यादी केली. बेचाळीस निघाली. रोज एक धरलं तरी महिना उरतो. तेव्हा नुसतं बसून काय करायचं हाच प्रश्न आहे.

४ सप्टेंबर
काम क्रमांक एक: तळाचा जुना रंग खरवडणे. बायकोने एक पूर्ण बाजू खरवडली. मी यादीला कलर-कोडिंग केलं. लाल म्हणजे अर्जंट, पिवळं म्हणजे लवकरच, हिरवं म्हणजे झालं.
दुपारी सासरे आले. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. येताना घडीची खुर्ची घेऊन येतात, बोटीकडे तोंड करून बसतात आणि बोलत नाहीत. बोलले की त्रास होतो. आज म्हणाले, जावईबापू, पाण्यात कधी? म्हटलं, तयार झाली की. म्हणाले, काय तयार नाही ते जमिनीवर कसं कळणार?
इंजिनवाल्यांना शिडातलं कळत नाही. सोडून दिलं.

२० सप्टेंबर
यादी आता सदुसष्टवर. घाबरायचं कारण नाही. जुना रंग निघाला तशा आतल्या गोष्टी कळल्या, म्हणजे ही माहितीतली वाढ आहे. कामातली नाही. बायकोला समजावलं. ती म्हणाली, हिरवी किती झाली? म्हटलं, तीन. ती उठून परत खरवडायला गेली. तिला बिग पिक्चर दिसत नाही.

७ ऑक्टोबर
केबिनमधली कपाटं पूर्ण. डिझाइन माझं, हात यार्डातल्या सुतारमिस्त्रींचे. अठरा कप्पे, प्रत्येकाला कडी, प्रत्येकावर लेबल. बोट उलटी झाली तरी स्क्रू-ड्रायव्हर जागचा हलणार नाही.
मिस्त्री काम संपवून हात पुसत म्हणाले, कॅप्टन, झोपायचं कुठे? मी जागा दाखवली. म्हणाले, झोपून दाखवा. झोपलो. जागा पाच फूट तीन इंच, मी पाच फूट नऊ. मिस्त्रींनी माझे दुमडलेले गुडघे बघितले आणि म्हणाले, असू दे, समुद्रात माणूस आकसतो.
समुद्रावर पाय पोटाशी घेऊनच झोपावं असं माझंही मत होतंच. हिरवं केलं.

२६ ऑक्टोबर
शेजारच्या बोटीबद्दल लिहायचं राहिलं होतं. एक काका-काकू आहेत, दोघंही पासष्टच्या पुढे. बोट आमच्याहून तीन फूट लांब, पण अवतार बघवत नाही. शिडाला ठिगळ, दाराची कडी म्हणजे दोरीचा तुकडा. हेही फेब्रुवारीत महासागर ओलांडणार म्हणतात. मी म्हटलं, तुमची यादी बघू का? काकूंनी पर्समधून पत्राचं एक जुनं पाकीट काढलं. मागच्या बाजूला सात ओळी, सातवी ‘सुईदोरा’. मला खरंच वाईट वाटलं.
आज त्यांनी आम्हाला दिवसभर बाहेर समुद्रात बोलावलं होतं. बायको गेली. मी बॅटऱ्यांची जोडणी काढली होती, मला कसं जमणार. संध्याकाळी ती परत आली, नाक लाल, केसांत मीठ. जेवताना सलग बोलत होती. लाटेवर बोट कशी चढते, उतरताना पोटात कसा गोळा येतो. मग म्हणाली, तू का नाही आलास? म्हटलं, खरं काम कुणीतरी करायला हवं ना.
नोंद: मी आजपर्यंत दोनदा शिडाच्या बोटीतून बाहेर गेलोय. पहिल्यांदा ऑम्लेट खराब होतं. दुसऱ्यांदा काही खाल्लंच नव्हतं, आणि रिकाम्या पोटी कुणालाही होतं.

१५ नोव्हेंबर
आज निघायचं नाही असं ठरलं. नवी तारीख १० डिसेंबर. फेब्रुवारीपर्यंत वारा आहे, मग नोव्हेंबरचा हट्ट कशाला? नवशिके घाई करतात.
बायकोने काल केस कापून घेतले, एकदम बारीक. खाऱ्या पाण्यात लांब केसांचा त्रास होतो असं काकूंनी सांगितलं होतं म्हणे. म्हटलं, घाई केलीस. तिने कॅलेंडरवरच्या पंधरा तारखेच्या गोलाकडे बघितलं आणि मानेवरून हात फिरवला. शांतपणे घेतलं म्हणायचं.

२ डिसेंबर
सामान भरणं सुरू. तीन नांगर (एक वापरायला, एक पहिला हरवला तर, एक तत्त्वासाठी). सुकाणूला पर्यायी सुकाणू. दोन हातपंप आणि पंपाचे सुटे भाग दोन संच. शिवणयंत्र, पायाचं. रंग चाळीस लिटर. हत्यारांच्या तीन पेट्या. समुद्रप्रवासावरची पुस्तकं एकसष्ट. पाणी, डबे, दोन माणसांचं साठ दिवसांचं.
सासरे खुर्चीतून म्हणाले, जावईबापू, तिकडे राहायला चाललात का?
मिस्त्री हसले. मीही हसलो, मोकळेपणाने.

१० डिसेंबर
बोट पाण्यात. ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.
सकाळी नऊला क्रेन आली. बोट उचलली, हवेत जरा कर्रर्र आवाज झाला. क्रेनवाला खाली उतरून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, आत विटा आहेत का? हलकेच सोडली. धक्क्याला बांधली. काका-काकू, मिस्त्री, सासरे, बायको, सगळे काठावर. मी मागच्या बसायच्या खोलगट जागेत उभा राहून चार शब्द बोललो. स्वप्न, शिस्त आणि तयारी या तीन मुद्द्यांवर. शिस्तीवर असताना बायकोने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मला वाटलं, बूट. खाली बघितलं तर घोट्यापर्यंत पाणी.
बोट गळत नव्हती, हे इथे स्पष्ट करून ठेवतो. त्या खोलगट जागेत लाटेचं पाणी आलं तर बाहेर जावं म्हणून तळाशी दोन भोकं असतात. बोट अपेक्षेपेक्षा एक वीत खाली बसली, त्यामुळे ती भोकंच पाण्याखाली गेली. म्हणजे सिस्टिम व्यवस्थित चालू होती, फक्त उलट दिशेने.
काकांनी उडी मारून भोकांत चिंध्या कोंबल्या. बायको बादलीने पाणी उपसायला लागली. मी जरा वेळ काठावर जाऊन बसलो. बांधलेल्या बोटीतही थोडी हालचाल असते, त्यात क्रेनचा धूर. सकाळचं सगळं बाहेर आलं. डिझेलची मला पहिल्यापासून ॲलर्जी आहे.

११ डिसेंबर
काल काय झालं त्याचं ॲनालिसिस केलं. पाण्याची रेघ मी बोट रिकामी असताना आखली होती. बोट कुठवर बुडेल ते त्या रेघेवरून धरलं, भोकंही त्याच हिशोबाने ठेवली, आणि मग आत सामान भरलं. छोटीशी क्रमाची चूक. कुणाचीही होऊ शकते.
उपाय: वजन कमी करणे. प्रत्येक वस्तू तपासली. नांगर काढता येत नाहीत, सेफ्टी. पुस्तकं काढता येत नाहीत, संदर्भ. शिवणयंत्र काढलं तर शीड फाटल्यावर काय करणार? काकूंसारखा सुईदोरा?
शेवटी बायकोची बॅग वजनकाट्यावर ठेवली. अकरा किलो चारशे. म्हटलं, आठवर आणता येईल का बघ. ती काट्याकडे बघत राहिली. मग शिवणयंत्राकडे. मग बॅग उचलून घरी घेऊन गेली.
म्हणजे पूर्ण अकरा चारशे वाचले, पण तिने चर्चा करायला हवी होती.

३ जानेवारी
बोट परत टेकूंवर. निर्णय माझाच. पाण्याची रेघ वीतभर वर घ्यायची, भोकंही वर घ्यायची, जुनी बुजवायची. मिस्त्री म्हणाले, कॅप्टन, सामान काढलं तर दोन दिवसांचं काम, रेघ हलवली तर दोन महिन्यांचं. म्हटलं, रेघ. म्हणाले, पँट घट्ट झाली म्हणून तुम्ही टेप बदलणारे दिसता.
मिस्त्री हाताचे चांगले आहेत, तोंडाचे नाहीत.
यादी: अठ्ठ्याण्णव.

१९ जानेवारी
बायको आता दर शनिवारी काका-काकूंबरोबर बाहेर जाते. चांगलं आहे, क्रू ट्रेनिंग आपोआप होतंय. काकू सांगत होत्या, पोरगी एकटी शीड उतरवते, जोराच्या वाऱ्यात. मी बायकोला विचारलं, नक्की कुठल्या पद्धतीने उतरवतेस? तिने हातवारे करून दाखवलं. मी त्याचा टेक्निकल शब्द सांगितला, पुस्तकात पान दोनशे बारावर आहे. ती म्हणाली, शब्द नव्हता माहीत. येतं फक्त.
थिअरी कच्ची आहे. प्रवासात पक्की करून घेईन.

५ फेब्रुवारी
संध्याकाळी काकू घरी आल्या. तीन जिने चढून, धापा टाकत. पाणी प्यायल्या आणि सरळ विषयावर आल्या. काकांचा खांदा निखळला होता, डॉक्टरांनी दोर ओढायला मनाई केली आहे. बावीस तारखेला निघायचंय, नाहीतर वारा जाईल. म्हणाल्या, आमच्याकडे चौघांना झोपायला जागा आहे. तुम्ही दोघं चला. पोरी, तू तर हवीसच. आणि बाळा, तूही ये, तुझं इतकं वाचन आहे.
बायको माझ्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी असा बघितला. म्हटलं, दोन दिवस द्या, इव्हॅल्युएट करतो.

७ फेब्रुवारी
दोन दिवस विचार करून नकार दिला. कारणं लिहून काढली: (अ) त्यांची बोट माझ्या स्टँडर्डची नाही, (ब) दाराला दोरी, (क) आमची बोट पंचवीसपर्यंत तयार होतेय, मग दुसऱ्याच्या बोटीतून कशाला?
बायकोने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, यादी किती? म्हटलं, एकशे चौदा. ती म्हणाली, बरं. थोडा वेळ टेबलावरचे कण बोटाने गोळा करत बसली. मग विचारलं, अरे, तुला उलटीची भीती वाटते का?
म्हटलं, काय संबंध?
म्हणाली, तसं असेल तर सांग. त्यात काय एवढं. मी बादली धरेन.
मी तिला समजावलं की खुल्या समुद्रावर प्रत्येकाचे दोन्ही हात बोटीला लागतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याची बादली धरणं प्रॅक्टिकल नाही. शिवाय क्रेनच्या धुराचा आणि याचा काही संबंध नाही. बराच वेळ बोललो. चांगलं बोललो.
ती म्हणाली, माझ्या रजेतले पाच महिने टेकूंवर गेले. मी जाते काकूंबरोबर.
म्हटलं, जा. अनुभव उपयोगी पडेल.
ती अजून काहीतरी ऐकायला थांबली होती असं मला वाटलं. पण माझे मुद्दे संपले होते.

१४ फेब्रुवारी
तिने बॅग भरली. सहज काट्यावर ठेवून बघितली, सहा किलो दोनशे. म्हणजे मुळात जमत होतं.

२२ फेब्रुवारी
सकाळी दहाला निघणार होते. मला प्रायमरचा पहिला हात आजच द्यायचा होता, हवा कोरडी होती. तरी पावणेदहाला ब्रश खाली ठेवून धक्क्यावर गेलो.
काका सुकाणूवर, खांदा पट्ट्यात. काकू डब्यांची झाकणं तपासत होत्या. सासरे उभे होते. आज खुर्ची आणली नव्हती. त्यांनी मुलीच्या लाइफजॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, एक, दोन, तीन, परत एक. मग म्हणाले, हं.
बायकोने वरून विचारलं, येतोस? अजून जागा आहे. कपडे काकांचे होतील तुला.
बोट थोडी वर-खाली होत होती. मी त्या हालचालीकडे बघितलं आणि तोंडात पाणी आलं, खारट. म्हटलं, प्रायमर उघडा आहे.
काकूंनी मला शेवटचा दोर सोडायला सांगितलं. धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला दोन वेढे होते. एक काढला. दुसरा काढला. दोर हातात राहिला. बोट जरा दूर गेली तसा तो ताणला, मग माझ्या हातातून ओढ घ्यायला लागला. बायको दुसऱ्या टोकाला वाकून उभी होती, गोळा करायला. म्हणाली, अरे, सोड ना.
सोडला.
बोट बंदराच्या तोंडाशी गेल्यावर शीड वर चढलं. ठिगळाचं. एका दमात चढलं, मध्ये अडकलं नाही. कोण ओढत होतं ते इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण काकांचा खांदा गेलाय आणि काकू बुटक्या आहेत.
सासरे म्हणाले, चला. मी म्हटलं, त्यांनी शीड दोन मिनिटं उशिरा चढवलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते गेले.
प्रायमरवर साय धरली होती. डबा फुकट.

२ मार्च
किनाऱ्यावरचा वारा फिरला. या सीझनला निघत नाही असा निर्णय घेतला. दडपण गेलं. आता शांतपणे, क्वालिटीवर लक्ष देऊन काम करता येईल.

२६ मार्च
मेसेज आला. तीस दिवसांनंतर पोहोचले, सगळे ठीक. लांब मेसेज आहे. मी तीन वेळा वाचला, टेक्निकल माहितीसाठी. एका ठिकाणी लिहिलंय, पहिले तीन दिवस आम्ही सगळे ओकत होतो. काकासुद्धा, आणि ते चाळीस वर्षं बोटीवर आहेत. प्रत्येकाची आपली बादली, आणि हसून हसून पुरेवाट. चौथ्या दिवशी सकाळी मला एकदम भूक लागली आणि मग कधीच काही झालं नाही. तीनच दिवस असतं रे ते. तुला सांगायचं होतं.
उत्तर पाठवलं: अभिनंदन. व्यक्तीनुसार फरक पडतो.
ती अजून काही महिने त्यांच्याबरोबर बेटांवरून फिरणार आहे. रजा ऑगस्टपर्यंत आहेच.

११ जून
यादी: एकशे एकतीस. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले. भोकं अर्धवट आहेत. सासरेही यार्डात येत नाहीत. परवा रस्त्यात भेटले. म्हटलं, बऱ्याच दिवसांत आला नाहीत, नवी रेघ बघायला या. म्हणाले, मी रेघ बघायला नव्हतो येत. माझी पोर त्यात बसणार होती.

२९ ऑगस्ट
बायको गेल्या आठवड्यात विमानाने परत आली. काळी पडली आहे, तळहात सुतारासारखे झालेत. घरात चालताना पाय किंचित फाकवून चालते. एक तारखेला कामावर हजर व्हायचं आहे.
आज तिच्या हॉस्पिटलमधले सहा-सात जण केक घेऊन आले. त्यांची समजूत अशी की आम्ही दोघांनी मिळून महासागर ओलांडला. गेल्या वर्षी सेंडऑफ दोघांना दिला होता, त्यामुळे साहजिक आहे. मला सोफ्याच्या मधोमध बसवलं. कुणीतरी विचारलं, लाटा केवढ्या होत्या? मी लाटांविषयी जनरल माहिती दिली, जी माझ्याकडे भरपूर आहे. मग वाऱ्याविषयी. मग एक सिस्टर म्हणाल्या, आणि उलट्या? मला तर बसमध्येसुद्धा होतात.
म्हटलं, पहिले तीन दिवस. चौथ्या दिवशी भूक लागते. मग काही नाही.
बायको केक कापत होती. सुरी थांबली, मग परत चालू झाली. तिने सगळ्यांना तुकडे दिले, मला सगळ्यात शेवटी. त्या सिस्टर म्हणाल्या, धन्य आहे बाई तुमची जोडी.
सगळे गेल्यावर ती बशा धुवायला लागली. मी पुसायला उभा राहिलो. मूड चांगला वाटला म्हणून विषय काढला. या नोव्हेंबरची तारीख जवळजवळ फिक्स आहे. रेघ झाली, भोकं महिन्याभरात होतील. रजेचं बघ, मॅडमशी नीट बोलून बघ. आणि आता तुला अनुभवही आहे, म्हणजे माझी थिअरी आणि तुझं प्रॅक्टिकल. तुझी बॅग अकरा किलोची असली तरी चालेल. मी आज नवीन वर्षाचं शेड्यूलसुद्धा छापून आणलंय.
तिने नळ बंद केला. हात पुसले. रागावलेली नव्हती. बाजारात काही हवंय का विचारल्यावर माणूस जसं सांगतो, तसं म्हणाली,
अरे, मी जाऊन आले.

१ सप्टेंबर
ती सव्वासातला कामावर गेली. मी यार्डात गेलो नाही. हवा कोरडी होती.